आभाळाच्या नावावरची जागा

डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत काकांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. समोर 'काका' आणि पाठ वळली की 'मार्जिन'. भाजीवालीसुद्धा गेटमधून डोकं आत घालून विचारायची, "मार्जिन खाली हाय का वर?" खाली असले तर ती टोपली गेटबाहेरच ठेवायची आणि बायकांना तिथे बोलवायची.

मार्जिन म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये नियमाने मोकळी सोडावी लागते ती जागा. आमच्या पुढच्या मार्जिनमध्ये पाण्याची टाकी, मागच्यात मैल्याच्या टाकीची झाकणं, पश्चिमेला मीटरची खोली. राहिली पूर्वेची लांबट पट्टी. काकांचा जीव त्या पट्टीत होता. सकाळची पूजा आटोपली की पांढरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन ते तिथे बसत आणि पेपर वाचत. कोणी भिंतीला सायकल टेकवली, गादी वाळत घातली किंवा सिमेंटची उरलेली गोणी आणून ठेवली, तर आवाज न चढवता म्हणत, "ही जागा आभाळाच्या नावावर आहे. त्याला विचारलंत का?"

मंजूर झालेल्या नकाशात त्या पट्टीवर 'आभाळाला उघडी' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्याचा हा त्यांचा अर्थ. काका ठाण्याच्या एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, आणि त्यातलं एकही घर पुढे नकाशाप्रमाणे राहिलं नाही. कुठे गॅलरी खोलीत गेली, कुठे गच्चीवर खोली चढली, कुठे मार्जिनमध्ये दुकान आलं. निदान स्वतः राहतात ती इमारत तरी कागदावर आहे तशी राहावी, असा त्यांनी हट्ट धरला. लोकांच्या हॉलमध्ये देवाचा फोटो असतो, यांच्या हॉलमध्ये इमारतीचा मंजूर नकाशा काचेच्या चौकटीत लावलेला. दसऱ्याला आम्ही गाड्यांना हार घालायचो, काका नकाशाला घालायचे. बुशशर्टच्या खिशात असायचा तो मोजपट्टीचा डबा नकाशापुढे ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहायचे. काकू हे सगळं बघून न बघितल्यासारखं करायच्या.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीची गोष्ट. हौसेने खिडकीला बाहेर आलेली ग्रिल करून घेत होते, कुंड्या ठेवायला. वेल्डरने पहिला गज लावला आणि दारात काका. मोजपट्टी सर्रकन बाहेर.

"सूनबाई, तुळस आत लावा."

"आत ऊन येत नाही, काका."

"मग तुळस नको. घराबाहेर वाढतं त्याला घर म्हणत नाहीत, गळू म्हणतात."

मी रागाने सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. ग्रिल भिंतीच्या आतच बसली आणि तुळस गेली गच्चीवर. तिथे ती वर्षभरात वाळली.

गणपतीचा मंडप मात्र ते घालू देत. मंडप तात्पुरता, असं त्यांचं शास्त्र सांगत होतं. पण विसर्जनाची मिरवणूक गेटबाहेर पडते न पडते तोच हे बांबू उपटायला माणसं लावायचे. बांबूंची भोकं स्वतः वाळू-सिमेंटने भरायचे, वर पाणी मारायचे आणि मग मिरवणुकीत येऊन मिळायचे. तोवर गुलाल संपलेला असायचा.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, हे इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. सोसायटीच्या दर वार्षिक सभेत काका ते सांगायचे, आणि ते उभे राहिले की मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटायचं, "आली खुर्ची."

त्यांचं लहानपण कल्याणच्या एका चाळीत गेलं. चाळीपुढे छान रुंद गल्ली होती. मग एकाने दारापुढे पत्र्याची पडवी काढली, एकाने मोरी पुढे घेतली, एकाने कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. कोणाचंच चुकीचं नव्हतं, सगळ्यांची घरं लहान. काकांचे वडील गेले तेव्हा तिरडी गल्लीत वळली नसती. दारात ती बांधायलाच जागा नव्हती. शेवटी नाक्यावरच्या सलूनमधून खुर्ची आणली, वडिलांना तिच्यात बसवलं, धोतराने बांधलं आणि तसं गल्लीतून बाहेर काढलं. तिरडी बांधली हमरस्त्यावर, गटाराच्या काठाला.

"माझा बाप जिवंतपणी कधी खुर्चीत बसला नव्हता," काका सांगायचे. "मेल्यावर बसला. मान एका बाजूला पडत होती, ती मी धरली होती." आणि मग ठरलेलं वाक्य यायचं: "माणसाला शेवटी सरळ आडवं होता आलं पाहिजे. पूर्वेची पट्टी उत्तर-दक्षिण आहे. पाय दक्षिणेला, डोकं उत्तरेला, बाजूला चार माणसं बसतील. दुसरी जागा आपल्याकडे नाही. तेवढी सोडा, बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

खरं तर बाकीचंही ते काही करू देत नव्हते, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या इमारतीत जो गेला त्याची तिरडी त्याच पट्टीत बांधली गेली. माझ्या सासूबाईंचीसुद्धा. आणि त्या सगळ्या बांधल्या राणेंनी.

राणे तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यांत वर राहायचे. मालवणकडचे, एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी, तोंडाने फटकळ. पण कोणी गेलं की पहिली हाक त्यांना. बांबू किती लांब आणायचे, कामट्या किती अंतरावर लावायच्या, सुतळीची गाठ कुठे यायला हवी, हे त्यांच्या हातात होतं. तिरडी बांधताना ते कोणाशी बोलत नसत, आणि नंतर दिवसभर जेवत नसत.

या राणेंचं आणि काकांचं वाकडं होतं. राणेंचं छत पावसाळ्यात गळायचं. एका वर्षी त्यांनी गच्चीवर शेड घालायची म्हणून टेंपोभर पत्रे आणले, तर काका जिन्यात खुर्ची टाकून बसले. पत्रे वर जाईनात.

"परवानगी आणा, मी स्वतः पत्रे उचलू लागतो," काका म्हणाले.

"परवानगी येयसर माझ्या पोरी वाहून जातील, काका!"

"मी अर्ज करतो तुमच्या वतीने."

"अर्ज डोक्यावर धरू काय मी?"

काकांनी अर्ज केला, खेटेही घातले. परवानगीला वेळ लागतो तेवढा लागला आणि शेड उभी राहिली ती थंडीत. मधला सबंध पावसाळा राणेंच्या घरात बादल्या मांडलेल्या. एका दुपारी मी राणेवहिनींकडे गेले, तर काका स्वयंपाकघरात उकिडवे बसून फडक्याने जमीन पुसत होते आणि फडकं बादलीत पिळत होते. आपल्या घरातली दोन पातेली त्यांनी गळतीखाली आणून ठेवली होती. राणे बाहेरच्या खोलीत टीव्हीकडे तोंड करून बसलेले. टीव्ही बंद होता. असला माणूस शत्रू म्हणून परवडत नाही आणि मित्र म्हणूनही.

राणेंचं एक मागणं मात्र सगळ्या सभांमध्ये असायचं. पूर्वेच्या पट्टीवर शेड हवी. गच्चीसाठी नव्हे, तिरडीसाठी. "पावसात सुतळी सरकते ओ. मयत भिजतं. बघवत नाय," ते म्हणायचे. काकांचं उत्तर ठरलेलं. आज शेड, उद्या शेडीखाली सामान, परवा कल्याणची गल्ली. आणि सभा चहावर यायची.

काकू गेल्या त्या आषाढात. दोन दिवस पाऊस धरलेला होता. काकू सवाष्ण गेल्या, म्हणून बायकांनी हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या, कपाळभर मळवट भरला. त्यांना खाली पट्टीत आणलं तेव्हा पावसाने नुसता हैदोस घातला होता. राणे गुडघ्यावर बसून बांबू बांधत होते, गाठ मारली की सुटत होती. पाचसहा जणांनी छत्र्या धरल्या, त्या उलट्या होत होत्या. कोणीतरी निळी ताडपत्री घेऊन आलं. एक बाजू खिडकीच्या गजाला आणि दुसरी कंपाउंडच्या भिंतीत खिळे मारून बांधली असती, तर झालं असतं. हातोडीही आणली होती. सगळे काकांकडे बघत राहिले.

"काका, बोला आता तरी!" राणे ओरडले. "मारू काय खिळे?"

काका काकूंच्या पायाशी उभे होते, डोक्यावर काही नाही. ते म्हणाले, "खिळे नकोत. हातांनी धरा."

चौघांनी चार टोकं हातांनी धरली. मधोमध पाणी साचत गेलं, ताडपत्रीला पोट आलं, आणि एकाचा हात सुटला. सगळं पाणी काकूंच्या तोंडावर आलं. मळवट वाहून गेला. लाल ओघळ गालांवरून मानेत आणि तिथून हिरव्या साडीवर. राणेवहिनी रडत रडत पुढे झाल्या, पदराने कपाळ टिपलं आणि पुन्हा कुंकू भरलं. ते पुन्हा वाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी करंडा उघडला तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "राहू द्या." सवाष्ण बाई कोऱ्या कपाळाने गेली. मला त्या क्षणी काकांचा भयंकर राग आला होता. आणि त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं.

तेरावं झाल्यावर काका जिने चढून राणेंकडे गेले. मी तिथे होते, डबा परत द्यायला गेले होते. काका बसले नाहीत.

"राणे, शेड घालू या."

राणे उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आता कशाला, काका?"

"पुढच्या माणसासाठी."

जुने पेन धुऊन, ट्रेसिंग पेपर आणून काकांनी शेडचा नकाशा स्वतः काढला. पट्टीत एकही खांब नको, सगळा भार भिंतीतल्या ब्रॅकेटवर. पत्रा उंच, पाणी कंपाउंडकडे. परवानगीही रीतसर काढली: पावसाळी शेड, पाऊस संपला की उतरवायची. खाली काही ठेवायचं नाही, ही अट त्यांची स्वतःची, आणि ती त्यांनी सभेत प्रत्येकाकडून वदवून घेतली. पहिली काही वर्षं तसंच चाललं. पावसाआधी शेड चढायची, दसऱ्याच्या सुमारास उतरायची. उतरवताना काका खाली उभे राहून वर बघत असायचे. शेवटचा पत्रा निघाला की खुर्ची मधोमध टाकून बसायचे. नकाशाला हार त्यानंतर.

मग ते बाथरूममध्ये पडले आणि खुबा मोडला. जिना संपला. राणे तोवर सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते. त्या दसऱ्याला सभेत कोणीतरी म्हणालं, यंदा राहू दे शेड, आठ महिन्यांनी पुन्हा घालायचीच आहे ना? सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. पुढच्या वाऱ्यात पत्रे खडखडायला लागले म्हणून खालून लोखंडी खांब आले. खांब आल्यावर पहिली बाइक आली. ती कोणाची, यावर अजून वाद आहे. प्रत्येक जण दुसऱ्याची बघून आपली लावली म्हणतो. बाइकमागे स्कूटर, लहान मुलांच्या सायकली, एक मोडका सोफा, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब. राणेंची स्कूटरही तिथेच, भिंतीकडेला.

आम्ही तोवर घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहायला गेलो होतो. काकांना भेटायला म्हणून मी एकदा गेले. त्यांची कॉट पूर्वेच्या खिडकीशी लावली होती. पूर्वी त्या खिडकीतून पट्टी दिसायची, आता नुसता पत्रा. त्याच्यावर एक चप्पल, एक फाटलेला पतंग आणि काळं पडलेलं पावसाचं पाणी.

"खाली जागा किती राहिली आहे?" त्यांनी विचारलं.

"बाइक्स आहेत, काका. बऱ्याच."

"हँडल लॉक करतात का?"

"करतच असतील. चोऱ्या होतात ना."

 मग त्यांनी माझ्या घराची चौकशी केली. किती मजले, लिफ्ट किती. आणि म्हणाले, "तुमच्याकडे मार्जिन किती सोडलंय?"

"भरपूर आहे. बाग आहे, कारंजं आहे, चालायला ट्रॅक आहे."

"आणि माणूस गेला की कुठे ठेवतात?"

होतं ते मी सांगितलं. आमच्या शेजारचे आजोबा गेले, ते सामानाच्या लिफ्टने थेट तळघरातल्या गाडीत गेले होते. बागेत विधी करू नयेत, असा बोर्डच आहे.

"मग ते मार्जिन कशासाठी?" काका म्हणाले. हे त्यांनी भांडायला नव्हे, मनापासून विचारलं होतं. मी चहा करायला उठले.

ते गेले चैत्रात. सकाळी राणेंचा फोन आला. "वहिनी, मार्जिन गेले." एवढंच बोलून त्यांनी ठेवला. तोंडावर त्यांना मार्जिन कधी म्हटलं नव्हतं त्यांनी, आता मात्र दुसरं काही सुचलं नसावं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काकांची नाशिकला दिलेली मुलगी, तिला पहाटेच कळवलं होतं, आमच्या आधी येऊन बसली होती. राणे शेडखाली होते, घामाने निथळत एक बाइक मागच्या बाजूने उचलून ओढत होते. चाक फरशीवर घासत होतं, हँडल लॉक. एक जण कामाला गेलेला, एक गावी, एकाचा फोन लागत नव्हता. राणेंनी दोन खांबांच्या मधून एक बांबू जमिनीवर टाकून पाहिला. तो सरळ बसेना, एक टोक सोफ्यावर राहिलं.

वरून दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेला एक मुलगा उतरला. भला होता बिचारा. म्हणाला, "अंकल, जिन्यात पण शू रॅक आहेत. काकांना खुर्चीत बसवून आणूया ना, इझी पडेल."

"खुर्चीत नाय!" राणे असे ओरडले, की गेटवरचा कुत्रा उठून पळाला. "खुर्चीत नाय न्यायचा त्यांना! कळला?"

चौघांनी काकांना चादरीत घेतलं. प्रत्येक वळणावर शू रॅक सरकवत, पायरी पायरी करून खाली आणलं. आणि खाली आणल्यावर ठेवायला जागा नव्हती. राणेंनी एकदा शेडकडे पाहिलं आणि बांबू उचलून गेटबाहेर पडले.

रस्ता पूर्व-पश्चिम आहे. कडेने ठेवलं असतं तर काकांचे पाय पश्चिमेला आले असते. राणेंनी बांबू रस्त्यावर आडवे टाकले, उत्तर-दक्षिण, गटारापासून थेट मध्यापर्यंत. दोन्ही बाजूंनी रिक्षा थांबल्या, मागे बस, तिच्यामागे टेंपो. हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला उतरून आला, "ओ, रोड काय तुमच्या बापाचा आहे काय?" त्याने खाली पाहिलं आणि पायातल्या चपला काढल्या.

"थोडा थांब रे बाबा," राणे म्हणाले. "माणूस आहे."

पाऊस नव्हता. वर लख्ख ऊन. सुतळी कोरडी, गाठी पटापट बसायला हव्या होत्या, पण राणेंना प्रत्येक गाठ दोनदा मारावी लागत होती. मागचे हॉर्न काही थांबले नाहीत, कारण मागच्यांना काय झालंय ते दिसत नव्हतं. काकांची मुलगी कानांवर हात ठेवून बसली होती. इतक्या घाईत बांधलेली तिरडी मी पाहिली नाही. काकांनी आयुष्य घालवलं ते हे होऊ नये म्हणून, आणि त्यांच्याच गेटबाहेर, गटाराच्या काठाला, ते झालं. मी तोंडात पदर कोंबून रडले.

स्मशानातून आल्यावर राणे अंघोळीलाही गेले नाहीत. त्यांनी आपली स्कूटर शेडमधून काढून रस्त्यावर लावली आणि रिकाम्या झालेल्या जागेत काकांची पांढरी खुर्ची आणून ठेवली. 

तेराव्याला मी गेले तेव्हा राणे गेटशीच उभे होते. स्कूटर बाहेर रस्त्यावरच होती, सीटवर कावळ्यांनी घाण केलेली. मी शेडकडे पाहिलं.

"कोणाला बोलू, वहिनी?" ते म्हणाले. "म्हणतात, शेड तुम्हीच घातलीत ना."

खुर्ची कोणीतरी उचलून भिंतीला लावली होती आणि तिच्यावर हेल्मेट ठेवलं होतं. स्कूटरच्या जागी बाइक उभी होती. मी जवळ जाऊन तिचं हँडल हलवून पाहिलं. लॉक होतं.